टमी टक: "टाके काढावे लागणार नाहीत" म्हणजे नक्की काय?

दुहेरी_टीप

नमस्कार मंडळी. तीन आठवड्यांनी माझं टमी टक आहे, म्हणजे पोटाची सैल कातडी कापून स्नायू जवळ आणण्याची शस्त्रक्रिया. जुळ्यांच्या बाळंतपणात पोटाचे स्नायू मधोमध फाकले ते पाच वर्षं झाली तरी जवळ आलेले नाहीत. व्यायाम मन लावून केला. तरीही अंथरुणातून उठताना पोटाच्या मध्यावर उभा उंचवटा येतो आणि खाली कातडी लोंबते. सर्जनबाईंनी नीट तपासलं, वेळ दिला. निघता निघता मी विचारलं, "टाके किती पडतील?" त्या म्हणाल्या, "काढायचे असे नाहीत, बहुतेक सगळे आतले." मी मान डोलावून घरी आले आणि तेव्हापासून झोप लागत नाही.

माझं काम शिवणाचं. कुठल्या जोडाला कुठली टीप, कुठे दोरा जाड हवा, कुठे कच्चा टाका पुरतो, हे माझ्या बोटांना कळतं. कापड वेगळं, अंग वेगळं, हे मान्य. पण या कमरेपासून त्या कमरेपर्यंत कापणार, वरची कातडी खाली ओढणार आणि ताणून जोडणार, तर तो ताण जातो कुठे? विरघळणारा दोरा विरघळला की शिवण उसवत नाही का? आणि बेंबी? तिचं काय करतात?

"काळजी करू नका, सगळं छान होईल" एवढं मात्र नको. ते घरातले सगळे सांगतात. दोरा कोणता, टाका कसा, कुठल्या थरात, हे कुणी सांगितलंत तर फार उपकार होतील.


हिरवा_गाऊन

ताई, मी स्क्रब नर्स आहे. सर्जनच्या हातात सुई-दोरा द्यायचं काम बावीस वर्षं करतेय. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. पेशंट विचारतात ते वरून दिसणाऱ्या टाक्यांबद्दल, आणि खरं काम आत झालेलं असतं. आपण आतून बाहेर येऊ.

पहिली शिवण स्नायूंच्या आवरणाची. कातडी आणि चरबी पोटाच्या भिंतीवरून बरगड्यांपर्यंत सोडवली की खाली पांढरं, चकचकीत, चिवट आवरण दिसतं. दोन उभ्या स्नायूंच्या मधला त्याचा पट्टा ताणून रुंद झालेला असतो. तिथे काही कापत नाहीत. शाईने दोन्ही बाजूंना वाकडी रेघ मारतात, दोन रेघा मिळून लांबट पानासारखा आकार होतो. मग या काठाचा टाका त्या काठाला, असं करत दोन्ही रेघा एकमेकींना भिडवतात आणि मधला सैल भाग आत दुमडला जातो. तुमच्या भाषेत सांगायचं तर टक्स. छातीच्या हाडाच्या टोकापासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत एक लांब टक्स, मध्ये बेंबीच्या देठाला मोकळी जागा सोडून. ती जागा नीट सोडावीच लागते, कारण देठ आवळला तर बेंबीचा रक्तपुरवठा जातो.

याला दोरा जाड लागतो. 0 किंवा 1 नंबर, काही सर्जन 2-0 घेतात. शून्यं वाढली की दोरा बारीक होतो, म्हणजे 2-0 पेक्षा 3-0 बारीक आणि 4-0 त्याहून. 0 नंबरचा दोरा साधारण 0.35 ते 0.4 मिलिमीटर जाड असतो, 4-0 त्याच्या निम्म्याहून कमी. पुष्कळ सर्जन दोन फेऱ्या घालतात: आधी सुटे टाके, बहुतेकदा इंग्रजी आठच्या आकड्यासारखे, गाठ आत जाईल असे, आणि त्यावर एक सलग धावदोरा.

दुसरी शिवण चरबीच्या आतल्या पडद्याची. पोटाच्या चरबीत एक पातळ पण चिवट पडदा असतो, त्याला स्कार्पाचं आवरण म्हणतात, इटलीच्या अंतोनियो स्कार्पा (1752–1832) या शरीररचनातज्ज्ञाच्या नावावरून. ताण कुठे जातो, हा तुमचा प्रश्न. त्याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. वरची कातडी खाली आणताना हा पडदा पडद्याला पक्का शिवला की कातडीचे काठ आपोआप शेजारी येऊन बसतात. इथे 2-0 चं व्हिक्रिल किंवा पीडीएस, दोन्ही विरघळणारे दोरे, मी सगळ्यात जास्त वेळा दिलंय.

तिसरी कातडीच्या खालच्या निम्म्या थरात, सुटे टाके. हा टाका मला स्वतःला फार आवडतो. सुई आधी खालून वर नेतात, समोरच्या काठात वरून खाली आणतात, त्यामुळे दोऱ्याची दोन्ही टोकं तळाला येतात आणि गाठ खाली पुरली जाते. गाठ वर राहिली तर पुढे कातडीला टोचत राहते.

चौथी, अगदी वरची: कातडीच्या आतच नागमोडी जाणारा धावदोरा, 3-0 किंवा 4-0 मोनोक्रिल, तोही विरघळणारा. सुई कातडीच्या पृष्ठभागाला समांतर चालते, एकदा या काठात, एकदा त्या काठात. वरून बघणाऱ्याला फक्त एक रेघ दिसते.

"काढावे लागणार नाहीत" ते हे.


दुहेरी_टीप

हिरवा_गाऊन ताई, तुमचे आभार कसे मानू. म्हणजे ताण अस्तर घेतं आणि वरचं कापड नुसतं शेजारी शेजारी टेकवलेलं असतं. चांगल्या कोटाचं असंच असतं. वरच्या कापडावर ताण आला की शिवणीशेजारी कापड विरतं, हे रोज बघते.

पण विरघळण्याचं कोडं अजून सुटलं नाही. अस्तराचाच दोरा विरघळला तर?


निवृत्त_शल्यक

मी जनरल सर्जन होतो, प्लास्टिक सर्जन नव्हे. पण दोरे तेच असतात, म्हणून लिहितो.

दोऱ्याची ताकद जाणं आणि दोरा शरीरातून नाहीसा होणं, या दोन वेगळ्या तारखा आहेत. पेशंटला सहसा दुसरी सांगितली जाते, महत्त्वाची पहिली असते. व्हिक्रिल घ्या. सुमारे 56 ते 70 दिवसांत ते नाहीसं होतं, पण दोन आठवड्यांनी त्याची ताकद तीन चतुर्थांश उरलेली असते, तीन आठवड्यांनी निम्मी, चार आठवड्यांनी पाव. मोनोक्रिल नाहीसं व्हायला तीन-चार महिने घेतं, म्हणजे व्हिक्रिलपेक्षा जास्त, पण त्याची ताकद त्याच्या आधीच संपते: बिनरंगी मोनोक्रिल एका आठवड्यात निम्म्याच्या आसपास येतं, दोन आठवड्यांत पाव. पीडीएस सावकाश चालणारं. जाड पीडीएस सहा आठवड्यांनीही निम्म्याहून जास्त ताकद राखून असतं आणि पूर्ण जायला सहा-सात महिने लागतात.

आता दुसऱ्या बाजूने जखमेचा हिशोब मांडा. पहिल्या आठवड्यात जखमेची स्वतःची ताकद जवळजवळ काहीच नसते. तीन आठवड्यांनी मूळ कातडीच्या पाव भागाच्या आसपास येते. तीन महिन्यांनी सुमारे 80 टक्के, आणि पुढे तिथेच थांबते. मूळची शंभर टक्के ताकद कधीच परत येत नाही. सर्जन दोरा निवडतो तो या दोन रेषा जुळवून. जिथे ताण कमी, जखम लवकर भरते, तिथे लवकर थकणारा दोरा चालतो. जिथे ताण जास्त आणि भरणं सावकाश, तिथे सावकाश थकणारा किंवा कायमचा.

म्हणूनच मोनोक्रिल सगळ्यात वर असतं. तिथे त्याला ओझं उचलायचंच नसतं.

आता तुमच्या टक्सची गोष्ट. तिथे कापलेले काठ जोडलेले नसतात, अख्खं आवरण दुमडलेलं असतं. कापलेला काठ काठाला लवकर धरतो, न कापलेली पाठ पाठीला तितकी लवकर धरत नाही. म्हणून बहुतेक सर्जन तिथे व्हिक्रिलवर विसंबत नाहीत. नायलॉन, प्रोलिन, वेणीसारखं विणलेलं पॉलिस्टर हे कायमचे दोरे, नाहीतर किमान पीडीएस.


आठ_महिने_झाले

माझ्या शस्त्रक्रियेला आठ महिने झाले, माझा अनुभव सांगते. दुहेरी_टीप, घाबरवायला नाही, आधी माहीत असावं म्हणून.

सातव्या आठवड्यात शिवणीवर, डाव्या बाजूला, मुरमासारखी लालसर पुटकुळी आली. मला वाटलं घामोळं. दोन दिवसांनी तिचं तोंड उघडलं आणि आतून पांढरट, अर्धपारदर्शक असं केसापेक्षा जाड काहीतरी डोकावायला लागलं. मी हात लावला नाही. सर्जनकडे गेले, त्यांनी चिमट्याने धरून अलगद ओढलं, गाठीसकट अर्धा इंच दोरा बाहेर आला. दुखलं नाही. चार दिवसांत ती जागा भरली. पुढच्या महिन्यात आणखी दोन ठिकाणी तसंच झालं आणि मग थांबलं. शरीर कधी कधी दोरा विरघळवण्याऐवजी बाहेर ढकलतं. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर ती पहिली रात्र रडत गेली नसती.

दुसरी गोष्ट. मी बारीक आहे, पोटावर चरबी थोडी. झोपल्यावर बोटाने दाबलं तर बेंबीच्या वर दोन बारीक खडे लागतात. त्या टक्सच्या गाठी आहेत, नायलॉनच्या, कायमच्या. दुखत नाहीत, पण आहेत हे कळतं. आता परत निवड करायची वेळ आली तर मी पीडीएस मागेन.


हिरवा_गाऊन

बारीक पेशंटमध्ये हे होतं. म्हणूनच गाठ दुमडीच्या आत पुरायची आणि टोकं अगदी आखूड कापायची. मी कात्री धरते तेव्हा सर्जन नेहमी बजावतात. पण नायलॉनची गाठ सुटू नये म्हणून वेढे जास्त द्यावे लागतात, त्यामुळे ती थोडी जाडच होते. शिवाय बारीक अंगाच्या बाईला वरच्या थरात रंगीत दोरा दिला तर कातडीतून जांभळट छटा दिसते, म्हणून वर बिनरंगी.


निवृत्त_शल्यक

आठ_महिने_झाले यांचं म्हणणं रास्त आहे, आणि त्याला आधारही आहे. ब्राझीलमधल्या फाबियो नाहास आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये नायलॉन आणि पीडीएस यांची याच कामासाठी तुलना प्रसिद्ध केली. सीटी स्कॅन करून सहा महिन्यांनी पाहिलं, तर दोन्ही गटांत स्नायू पुन्हा फाकलेले नव्हते. तरी खूप रुंद फट असेल, आवरण पातळ झालं असेल, तर कायमचा दोरा घेणाऱ्या सर्जनला मी चूक म्हणणार नाही. पेशंटने आपलं अंग कसं आहे ते सांगून दोन्ही बाजू विचाराव्यात.


रात्रपाळीचा_नवरा

मी कधी इथे लिहीत नाही, पण हा धागा बायकोच्या शेजारी बसून वाचतोय. तिचं टमी टक नऊ दिवसांपूर्वी झालं. दोन नळ्या आहेत, ड्रेन म्हणतात त्या. त्यातलं पाणी मी सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहितो. तिला सगळ्यात जास्त टोचतो तो नळीचा टाका. एकच काळा दोरा, नळीभोवती आडवातिडवा गुंडाळून गाठ मारलेला. कूस बदलली की ओढ बसते. तो कधी काढतात? आणि काही जणांना नळ्याच नसतात म्हणे, ते कसं काय?


हिरवा_गाऊन

दादा, तो टाका नळी निसटू नये म्हणून असतो, रेशमाचा किंवा नायलॉनचा. नळी निघते त्याच दिवशी तोही निघतो. चोवीस तासांत 30 मिलिलिटरपेक्षा कमी यायला लागलं की बहुतेक सर्जन नळी काढतात, पण आकडा तुमचे सर्जन ठरवतील. तोवर नळी कपड्याला पिनेने अडकवून ठेवा, मोकळी लोंबू देऊ नका, म्हणजे ओढ कमी बसेल. आणि वही लिहिताय ते फार चांगलं करताय. रंगही लिहा. गडद लाल, मग गुलाबी, मग पिवळसर असं उतरत गेलं पाहिजे. उलट्या दिशेने गेलं, म्हणजे पिवळसर झालेलं पुन्हा लाल झालं किंवा एकदम वाढलं, तर त्याच वेळी फोन करा.

नळीशिवाय कसं, याचं उत्तर दुहेरी_टीप ताईंना सगळ्यात लवकर कळेल, कारण ती गोधडी आहे.

कातडी आणि चरबीचा थर पोटावरून सोडवला की दोन्हींच्या मध्ये मोठी पोकळी राहते. त्या पोकळीत पाणी साचतं, त्याला सिरोमा म्हणतात. टमी टकनंतर सगळ्यात जास्त दिसणारी अडचण हीच. नळी ते पाणी बाहेर काढते. दुसरा मार्ग म्हणजे पोकळीच ठेवायची नाही. वरच्या थराच्या पोटात आणि खालच्या आवरणात जागोजागी टाके घालून दोन्ही थर एकमेकांना टाचून टाकायचे. गोधडीत वरचं कापड, आतल्या चिंध्या आणि खालचं कापड धावदोऱ्याने एकजीव करतात ना, तसंच. इंग्रजीतलं नावही गोधडीवरूनच पडलंय, क्विल्टिंग. ब्राझीलचे बारूदी आणि फेरेरा यांनी 1998 मध्ये सिरोमा टाळण्यासाठी हे टाके मांडले.

मग 2000 साली हार्लन पोलॉक आणि टॉड पोलॉक या अमेरिकन सर्जननी त्यात एक पाऊल पुढे टाकलं. प्रत्येक टाका घालताना सहाय्यक कातडी थोडी थोडी खाली ढकलतो आणि त्या जागी तिला टाचतात. वरून सुरुवात, मग खाली, मग आणखी खाली. शेवटच्या शिवणीपर्यंत येईस्तोवर कातडी जवळजवळ जागेवर पोचलेली असते. याला प्रोग्रेसिव्ह टेन्शन सूचर म्हणतात. 2012 मध्ये त्यांनी ओळीने केलेल्या 597 शस्त्रक्रियांचा आढावा छापला. नळी न घालताही त्यांच्याकडे सिरोमा क्वचितच झाला होता.


दुहेरी_टीप

हे वाचताना मी हातातलं काम खाली ठेवलं. म्हणजे ताण एका शिवणीवर न टाकता सगळ्या गोधडीत वाटून दिला. मग हे सगळेच सर्जन का करत नाहीत?


निवृत्त_शल्यक

वेळ लागतो. दहा, पंधरा, कधी त्याहून जास्त टाके एकेक करून घालायचे, गाठी मारायच्या. त्यावर अलीकडे काटेरी दोरा वापरतात. दोऱ्याच्या अंगालाच बारीक कंगोरे कोरलेले असतात, गव्हाच्या ओंबीच्या कुसळासारखे एका दिशेला झुकलेले. पुढे ओढला की जातो, मागे सरकत नाही, गाठीची गरजच नाही. वेळ वाचतो, ताण सारखा पसरतो. पण तो कातडीच्या फार जवळ आला तर टोचतो आणि बाहेर येतो, तेव्हा खोली सांभाळावी लागते. शिवाय कुठलाही टाका फार वर घेतला तर कातडीला खळी पडते. बहुतेक खळ्या काही आठवड्यांत आपोआप जातात.

नळी घालणारे सर्जन मागासलेले, असं मात्र कुणी समजू नये. सोबत मोठं लायपोसक्शन (चरबी शोषून काढणं) असेल, वजन खूप उतरल्यानंतरची शस्त्रक्रिया असेल, तर काही जण गोधडीचे टाके घालून वर नळीही ठेवतात.

ताणाबद्दल एक नाव राहिलं. टेड लॉकवूड यांनी 1995 मध्ये ताण मध्यावरून काढून बाजूंना, कमरेकडे नेण्याची पद्धत मांडली. मध्यावरची खालची कातडी रक्तपुरवठ्याच्या सगळ्यात शेवटच्या टोकाला असते, म्हणून तिथे ओढ कमी हवी. चरबीतल्या पडद्याला त्यांनी जे महत्त्व दिलं, तेच आज हिरवा_गाऊन यांनी दुसरी शिवण म्हणून सांगितलं.


उशिरा_कळलं

मध्यावरची कातडी. हे वाचून हात थरथरले.

माझी शिवण बरोबर तिथेच उघडली होती. बाराव्या दिवशी. मी शस्त्रक्रियेच्या आधी सिगारेट सोडली असं सांगितलं होतं, पण शेवटच्या आठवड्यापर्यंत रोज दोन ओढत होते आणि नंतर पाचव्या दिवशी पुन्हा एक ओढली. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. मध्यावरचा रुपयाएवढा भाग आधी जांभळा, मग काळा पडला, आणि शिवण तिथून सुटली. टाक्यात काही खोट नव्हती. दोरा जागच्या जागी होता, कातडीच मेली होती. मेलेल्या कातडीत कितीही चांगला टाका घाला, तो धरणार कशाला?

ज्या रुग्णालयात झालं तिथे मला सिगारेटबद्दल एका ओळीत विचारलं आणि पुढे गेले. चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद, निकोटिनचे च्युइंगम आणि पट्ट्याही बंद, हे सर्जनच्या तोंडून मी जखम उघडल्यावर ऐकलं. पण खोटं मी बोलले, ते माझं. सात आठवडे रोज ड्रेसिंग. लगेच पुन्हा शिवतील असं मला वाटलं होतं, पण अशी जखम बहुतेकदा तळापासून भरू देतात. भरली. व्रण रुंद आहे. कुणी वाचत असेल आणि ओढत असेल, तर कृपा करून सर्जनला खरं सांगा. तारीख पुढे जाईल, जाऊ दे.


आठ_महिने_झाले

उशिरा_कळलं, हे लिहिलंस त्याबद्दल तुला मनापासून धन्यवाद.


हिरवा_गाऊन

असं लिहायला धीर लागतो. जवळ असतात तर हात धरला असता.

दुहेरी_टीप ताई, बेंबी राहिली होती. बेंबी हलवत नाहीत. ती देठासकट पोटाच्या भिंतीला तशीच जोडलेली राहते, वरची कातडी तिच्यावरून खाली सरकते, आणि मग बरोबर तिच्यावर नवं छिद्र पाडून तिला बाहेर काढतात. काज पाडून बटण काढावं तसं. आधी तीन-चार टाक्यांनी कातडीची कड आणि बेंबीची कड दोन्ही खालच्या आवरणाला धरून आत खेचतात, म्हणजे बेंबी खोल दिसते आणि टाके आत लपतात. नंतर कडेने बारीक टाके. छिद्र अगदी गोल ठेवलं तर भरताना व्रण आकसून तोंड बारीक होतं, म्हणून पुष्कळ सर्जन उभी चीर किंवा उलट्या व्ही, यू अक्षरासारखा काप घेतात. कडेचे टाके नायलॉनचे असले तर ते मात्र काढायला लागतात, साधारण आठवड्या-दहा दिवसांनी. तुमच्या सर्जनबाई "बहुतेक सगळे" म्हणाल्या, त्यातला उरलेला भाग हाच असावा.


नवी_सभासद_वाचक

स्टेपलर लावतात ते कुठे? आणि गोंद? आमच्या ओळखीतल्या एकींच्या पोटाला म्हणे एकही टाका नव्हता, नुसता गोंद.


निवृत्त_शल्यक

नुसता गोंद असणं शक्य नाही. आत शिवण होतीच, त्यांना दिसली नाही एवढंच. हा गोंद सायनोअॅक्रिलेट जातीचा, जखमेच्या काठांवर वरून लावतात, आत जाऊ देत नाहीत. पाण्यापासून आणि जंतूंपासून आडोसा मिळतो आणि आठवडाभराने पापुद्रे सुटून तो आपोआप निघतो. नखाने खरवडू नये. कधी जाळीदार पट्टी लावून तिच्यावर गोंद पसरतात.

धातूचे स्टेपल फार जलद लागतात. पण जास्त दिवस राहिले तर दोन्ही बाजूंना ठिपके उमटतात, आगगाडीच्या रुळांसारखे. बाहेरून घातलेल्या सुट्या टाक्यांचंही तेच. म्हणून टमी टकमध्ये शेवटच्या शिवणीला स्टेपल कमी दिसतात. शस्त्रक्रिया चालू असताना कातडी तात्पुरती धरून ठेवायला मात्र सर्रास. तुमचे कच्चे टाके.


पाठ_सरळ

फिजिओथेरपिस्ट आहे. दोरे-टाके माझा विषय नाही, पण ते टिकवणं आहे. पहिल्या आठवड्यात कमरेत वाकून चाला, पाठ दुखली तरी. सर्जन सांगतील तेव्हाच हळूहळू सरळ व्हा. झोपताना गुडघ्याखाली आणि पाठीखाली उशा. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हातांच्या जोरावर उठायचं. सरळ पोटाच्या जोरावर कधीही नाही. खोकला, शिंक आली की उशी पोटाशी घट्ट धरा. पहिल्या दिवसापासून थोडं थोडं चालायचंच, कारण पडून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला तर वाट न बघता रुग्णालयात. जड उचलणं साधारण सहा आठवडे बंद. जुळी पाच वर्षांची आहेत ना? त्यांना आत्तापासूनच सवय लावा: आई बसलेली असेल तेव्हाच मांडीवर.


दुहेरी_टीप

आज पुन्हा सर्जनबाईंकडे गेले होते. वहीत प्रश्न लिहून नेले. पहिलाच प्रश्न ऐकून त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि चाळीस मिनिटं दिली, कागदावर चित्रं काढून. माझी फट बेंबीच्या वर पाच सेंटिमीटर रुंद आहे. आतल्या टक्सला त्या 0 नंबरचं नायलॉन घेणार, आठच्या आकड्याचे सुटे टाके, त्यावर पीडीएसचा धावदोरा. गाठी लागतील का, विचारलं. त्यांनी पोटाची घडी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाल्या, तुमच्याकडे पुरेसं अस्तर आहे. गोधडीचे टाके व्हिक्रिलचे, म्हणून नळी बहुधा नाही, पण आत गेल्यावर गरज वाटली तर घालीन, असं स्पष्ट सांगितलं. बेंबीला नायलॉनचे टाके, ते काढायचे.

टोकांचंही विचारलं. वरचा काठ लांब, खालचा आखूड, मग कमरेपाशी चुणी राहत नाही का? त्या म्हणाल्या, बाहेरून मध्याकडे शिवत येते, जादा कापड मध्यात जिरवते, आणि टोकाला फुगा राहिलाच तर शिवण अर्धा इंच लांबवते. मीही बाहीचा घेर असाच जिरवते.

आज झोप लागेल असं वाटतंय.


रात्रपाळीचा_नवरा

कालच्या चोवीस तासांत उजवीकडे 22 आणि डावीकडे 26 मिलिलिटर. आज दोन्ही नळ्या निघाल्या. तो काळा टाका कापला तेव्हा ती म्हणाली, सगळ्यात मोठं ऑपरेशन आज झालं. हिरवा_गाऊन ताई, पिनेची युक्ती फार कामाला आली.


दुहेरी_टीप

शस्त्रक्रिया होऊन आज बावीस दिवस. उशीर झाला लिहायला, फार वेळ बसवत नव्हतं.

नळी घातली नाही. पहिले चार दिवस अवघड गेले, शिवणीमुळे नाही, त्या टक्समुळे. कुणीतरी आतून पट्टा आवळून धरलाय अशी जाणीव, हसलं तरी, खोकलं तरी. उशी सोडलीच नाही. नवव्या दिवशी बेंबीचे टाके काढले. मी मुद्दाम बघायला मागितले. काळे, बारीक, पापणीच्या केसाएवढे, पाच. एकेकाला तीन-चार वेढ्यांची गाठ, इतक्या बारीक दोऱ्यावर, सगळ्या एकसारख्या. मी तो कापसाचा बोळा बराच वेळ हातात धरून बसले होते.

व्रणावर अजून कागदी पट्टी आहे. सिलिकॉनची पट्टी पुढच्या आठवड्यापासून, जखम पूर्ण मिटली आहे हे त्यांनी तपासल्यावर. लाली जायला वर्ष-दीड वर्ष लागेल म्हणाल्या.

पहिल्यांदा आरशासमोर उभी राहिले ती सहाव्या दिवशी. बेंबीच्या वर दोन्ही बाजूंना गोधडीच्या टाक्यांच्या खळ्या दिसत होत्या, दोन ओळींत. बोट न लावता मोजल्या, अकरा होत्या. रोज सकाळी मोजते. काल सहा होत्या, आज चार उरल्यात.